‘काळजी घेण्यात आली’: केट शोपॅनच्या कथेतलं लग्न

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: ‘मॅडम, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला केट शोपॅनची ‘द स्टोरी ऑफ ॲन अवर’ आहे. गाईडमध्ये उपरोध, प्रतीक, पूर्वसूचन अशी यादी आणि प्रत्येकाचं एकेक उदाहरण दिलंय. ते पाठ झालंय, पण कथाच कळलेली नाही. नवरा तिला मारत नाही, छळत नाही, उलट त्याचं तिच्यावर प्रेम आहे असं लिहिलंय. मग तो गेल्यावर तिला आनंद का होतो? आणि शेवट म्हणजे नुसता धक्का आहे, की त्यात आणखी काही आहे?’

पाठ झालं तरी कथा कळली नाही हे तुला जाणवलं, हीच चांगली सुरुवात आहे. मी ही कथा पंचवीसेक वर्षं वर्गात शिकवली आणि दोनदा मराठीत उतरवली. पहिला अनुवाद फसला होता. तो कुठे फसला हे सांगितलं तर तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यातच येतील, म्हणून तिथूनच सुरू करते.

इतर वाचणाऱ्यांसाठी आधी गोष्ट. केट शोपॅन ही एकोणिसाव्या शतकातली अमेरिकन लेखिका. मिसेस मॅलर्डला हृदयाचं दुखणं आहे. रेल्वे अपघातात तिचा नवरा ब्रेंटली गेला अशी बातमी येते. बहीण जोसेफिन आणि नवऱ्याचा मित्र रिचर्ड्स तिला ती जपून सांगतात. ती बहिणीच्या मिठीत धाय मोकलून रडते, मग एकटीच वरच्या खोलीत जाते. उघड्या खिडकीसमोर खुर्चीत बसल्या बसल्या तिला जाणवतं की आपण मोकळ्या झालो. तासाभरानं ती खाली उतरते आणि समोरून ब्रेंटली घरात शिरतो. तो अपघातात नव्हताच. ती मरते. डॉक्टर म्हणतात, आनंदानं गेली. एवढंच. मुळात जेमतेम हजार शब्दांची कथा. ती १९ एप्रिल १८९४ रोजी लिहिली गेली आणि ६ डिसेंबर १८९४ रोजी ‘व्होग’ या नियतकालिकात ‘द ड्रीम ऑफ ॲन अवर’ या नावानं छापून आली. आजचं नाव नंतरचं. मला जुनं नाव कमी आवडतं, कारण स्वप्न म्हटलं की जाग येणं आलंच. वाचकाला सुरुवातीलाच इशारा मिळतो.

आता पहिलं वाक्य. माझ्या मराठीत ते असं आहे: ‘मिसेस मॅलर्डला हृदयाचं दुखणं आहे हे ठाऊक असल्यामुळे, नवऱ्याच्या मृत्यूची बातमी तिला शक्य तितक्या हळुवारपणे सांगण्याची फार काळजी घेण्यात आली.’ पहिल्या अनुवादात मी शेवट बदलला होता. ‘काळजी घेण्यात आली’ हे सरकारी परिपत्रकासारखं वाटलं, म्हणून ‘बहिणीनं फार काळजी घेतली’ असं केलं. मराठीत कर्ता लपवणारी ही ‘करण्यात आलं’ची रचना कानाला खुपते, आपण ती दिसली की खोडतो. पण इथे खोडल्यामुळे कथेचा पाया निघून गेला. काळजी कोणी घेतली? वाक्य सांगत नाही. घरानं घेतली, नात्यांनी घेतली, सगळ्यांनी मिळून घेतली. जिच्यासाठी घेतली, तिला कोणी विचारलं नाही. तिच्याबद्दल घरातल्यांना एकच गोष्ट ठाऊक आहे, ती म्हणजे दुखणं. गाईड या वाक्यासमोर ‘पूर्वसूचन’ असं लिहून पुढे जातं: हृदय कमकुवत आहे, म्हणजे शेवटी ती हृदयानंच मरणार. ते बरोबर आहे, पण तो वाक्याचा लहानसा भाग झाला. मोठा भाग आहे ‘काळजी’.

पुढचा परिच्छेद याच नजरेनं वाच. जोसेफिन तुटक वाक्यांत बोलते, अर्धं लपवत अर्धं सांगते. रिचर्ड्स वर्तमानपत्राच्या कचेरीत होता. मृतांच्या यादीत ब्रेंटलीचं नाव पहिलं होतं. त्यानं दुसरी तार येईपर्यंत थांबून खात्री करून घेतली आणि मग धावत आला. का धावला? आपल्यापेक्षा कमी काळजीचा, कमी हळव्या मनाचा कोणी मित्र ही बातमी घेऊन आधी पोचू नये म्हणून. काळजीचा आणि हळवेपणाचा शब्द पुन्हा आला बघ. इतकी माणसं, इतकी खबरदारी, दोन दोन तारा, आणि बातमी मुळातच चूक. लेखिका त्यांच्यावर कुठेही राग धरत नाही. ती चांगली माणसं आहेत. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे सुरू होतं: या कथेत वाईट माणूस कोणीच नाही.

आता मधलं वाक्य बघ. खोलीत बसलेल्या तिला पुढची वर्षं दिसतात आणि ती दोन्ही हात पसरून त्यांचं स्वागत करते. मग हे येतं: ‘आपली खासगी इच्छा दुसऱ्या जीवावर लादायचा आपल्याला हक्क आहे, असं पुरुष आणि बायका ज्या आंधळ्या हट्टानं मानतात, त्या हट्टानं तिची इच्छा वाकवणारी कुठलीही बलवान इच्छा आता असणार नव्हती.’ आणि लगेच पुढे, की त्यामागचा हेतू दयेचा असो नाहीतर क्रौर्याचा, त्या उजेडाच्या क्षणी तिला तो गुन्हा सारखाच वाटला.

वर्गात मी हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि दोन शब्दांखाली रेघ मारायचे. पहिला शब्द ‘बायका’. लेखिका फक्त पुरुषांबद्दल बोलत नाही. पुरुष आणि बायका, दोघंही. दाराच्या किल्लीच्या भोकाला ओठ लावून ‘दार उघड, आजारी पडशील’ म्हणणारी जोसेफिन बाईच आहे. दुसरा शब्द ‘दया’. चांगल्या हेतूनं गुन्हा धुतला जात नाही, असं ही कथा स्वच्छ शब्दांत म्हणते. आपल्या घराघरांतली वाक्यं आठव. ‘एकटी कशाला जातेस, मी येतो.’ ‘तुला नाही झेपायचं, राहू दे.’ ‘तुझ्या भल्यासाठीच सांगतोय ना?’ यात छळ नाही, मायाच आहे. पण दिवसातून दहा वेळा कोणी मायेनं आपला निर्णय आपल्या हातून काढून घेत असेल, तर बारा वर्षांनी हात रिकामा राहतो. ब्रेंटली असाच नवरा होता. कथा म्हणते की त्याच्या चेहऱ्यानं तिच्याकडे प्रेमाखेरीज दुसऱ्या कशानं कधी पाहिलं नाही. त्याला दुष्ट ठरवून ही कथा सोपी करता येते, पुष्कळ गाईडं तेच करतात, आणि तिथेच ती मरते. दुष्ट नवरा असता तर प्रश्न एका माणसाचा झाला असता. चांगला नवरा दाखवल्यामुळे तो लग्नाचा होतो.

म्हणून आशयसूत्र लिहिताना ‘स्त्रीस्वातंत्र्य’ एवढ्यावर थांबू नकोस. ‘प्रेमानं केलेली बळजबरी’ असं लिही आणि पहिल्या वाक्यातल्या काळजीशी ते जोड. एकच गोष्ट लेखिका आधी घरातल्या वागण्यातून दाखवते आणि नंतर त्या बाईच्या मनातून बोलते.

आता खिडकी. ‘उघडी खिडकी हे स्वातंत्र्याचं प्रतीक’ हे उत्तर चूक नाही, पण त्यानं काही कळत नाही. प्रतीक काय आहे हे विचारण्याआधी तिथे काय घडतं ते क्रमानं बघ. समोर एक ऐसपैस, आरामाची खुर्ची. दमून ती तिच्यात बुडते. बाहेर झाडांचे शेंडे वसंतातल्या नव्या पालवीनं थरथरताहेत. पावसाचा गोड वास आहे. खाली रस्त्यावर फेरीवाला माल पुकारतोय. लांबून कुणाच्या तरी गाण्याचे सूर येताहेत, वळचणीला चिमण्या चिवचिवताहेत. पश्चिमेला एकावर एक रचलेल्या ढगांतून निळ्या आभाळाचे तुकडे दिसताहेत. म्हणजे आधी डोळे, मग नाक, मग कान. तिचा विचार अजून सुरूच झालेला नाही. शरीर जागं होतंय. रडून रडून झोपलेलं मूल झोपेतही हुंदके देतं, तशी ती मधूनच गदगदते. दुःख खरं आहे, हे विसरू नकोस. पहिल्याच क्षणी, बधिर न होता, ती मनापासून रडली आहे. जिला नवऱ्याचं काहीच नाही अशी बाई लेखिकेनं उभी केलेली नाही.

आणि मग काहीतरी येऊ लागतं. काय ते तिला माहीत नाही. आभाळातून सरपटत, आवाजांतून, वासांतून, रंगांतून ते तिच्याकडे येतंय. ती घाबरते. इच्छाशक्तीच्या जोरावर ते मागे लोटू बघते, पण ती शक्ती तिच्या दोन गोऱ्या, नाजूक हातांइतकीच दुबळी आहे. पुढे जी ‘इच्छा’ वाकवण्याबद्दल बोललं जातं, तोच शब्द इथे आधी येऊन गेलाय. इतकी वर्षं वापर नसल्यामुळे तिची इच्छा क्षीण झालीय, आणि गंमत म्हणजे तिची स्वतःची मुक्तीसुद्धा आधी तिला बाहेरून चाल करून आलेल्या परक्या गोष्टीसारखी भासते. मग ओठांतून शब्द निसटतो, पुन्हा पुन्हा: मोकळी, मोकळी, मोकळी!

यानंतरचं वाक्य मी प्रत्येक बॅचला दोनदा वाचून दाखवायचे. तिची नाडी जलद चालू लागली आणि वाहत्या रक्तानं तिच्या शरीराचा कण न् कण उबदार आणि सैल केला. इथे थांब. ही हृदयाची रोगी आहे ना? तिला जरासा धक्का सोसणार नाही म्हणून अख्खं घर हलक्या पावलांनी वावरतंय. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा धक्का बसल्यावर तिच्या हृदयाला काय झालं? काहीही नाही. ते जोरात, सुरळीत चाललं, सगळ्या अंगाला ऊब देत. त्या बंद दाराआड ती पूर्ण निरोगी आहे. बाहेर जोसेफिन म्हणतेय की आजारी पडशील, आत ती म्हणते, मी आजारी पडत नाहीये. ती खरं सांगतेय. हा पुरावा मनात धरून ठेव, शेवटी तो लागणार आहे.

निवेदनाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण परीक्षेत ‘सर्वज्ञ तृतीयपुरुषी निवेदक’ एवढंच लिहून मुलं पुढे जातात. हे वाक्य बघ: ‘आणि तरी तिचं त्याच्यावर प्रेम होतं — कधीकधी. पुष्कळदा नव्हतं.’ हे कोण बोललं? ‘तिचं’, ‘त्याच्यावर’ म्हणजे निवेदक बोलतोय. पण मधली ती आडवी रेघ, ते थबकणं, आणि मग ‘कधीकधी’ असं स्वतःला दुरुस्त करणं, हे तिचं आहे. निवेदकाच्या वाक्यात तिचा श्वास शिरलाय. मुक्त अप्रत्यक्ष निवेदन म्हणतात ते हेच. इथे त्याचं काम मोठं आहे: ज्या बाईचं बोलणं घरात कोणी ऐकत नाही, तिला लेखिका स्वतःच्या वाक्यात जागा करून देते. पहिल्या अनुवादात मी तो परिच्छेद गुळगुळीत केला होता, ‘तिचं त्याच्यावर अधूनमधून प्रेम होतं’ असं काहीतरी. सगळा अर्थ त्यात होता. थबकणं गेलं होतं.

नावांची गोष्ट गाईडमध्ये सहसा नसते, आणि मराठी वाचकाला ती फार लवकर कळते. पहिल्या वाक्यात ती मिसेस मॅलर्ड आहे, म्हणजे नवऱ्याचं आडनाव. मग खोलीभर नुसती ‘ती’. ‘देहानं आणि आत्म्यानं मोकळी!’ असं ती पुटपुटते आणि त्यानंतर दाराबाहेरून हाक येते: लुईज! कथेचा बराच मोठा भाग संपल्यावर आपल्याला तिचं नाव कळतं, मोकळी झाल्यावरच कळतं. आणि शेवटी रिचर्ड्स ब्रेंटलीला ‘त्याच्या बायकोच्या’ नजरेआड करायला धावतो. मिसेस मॅलर्ड, ती, लुईज, त्याची बायको. चार पायऱ्या चढून ती पुन्हा खाली. ब्रेंटलीला मात्र पहिल्यापासून पूर्ण नाव आहे. मी हे सांगितलं की वर्गातल्या मुली एकमेकींकडे बघायच्या. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं नवं नाव लिहितात, आडनावाबरोबर कित्येकदा पहिलं नावही बदलतं. माहेरच्या नावानं हाक मारणारी माणसं हळूहळू कमी होत जातात. इथेही ते नाव उच्चारते ती बहीणच.

एका वर्षी मागच्या बाकावर एक वयानं मोठी विद्यार्थिनी बसायची, लग्न होऊन शिक्षण पुन्हा सुरू केलेली. ‘खुर्ची’ या शब्दावर मी फारसं बोलले नव्हते. तास संपल्यावर ती म्हणाली, ‘मॅडम, ती त्या खुर्चीत एकटी बसली ना, दार लावून, तेव्हाच मला कळलं पुढे काय होणार. आमच्या घरात मी दार लावून कधी बसलेलेच नाही.’ त्या दिवसापासून मी खिडकीच्या आधी खुर्ची शिकवू लागले.

आपल्याला ही कथा अवघड जाते याचं आणखी एक कारण आहे, ते उघडपणे बोललेलं बरं. मराठी वाचकाच्या मनात ‘विधवा’ या शब्दाबरोबर एक चित्र येतं. शोपॅननं ही कथा लिहिली त्याच्या जरा आधीच्या वर्षांत पुण्यात ह. ना. आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकात ‘पण लक्षात कोण घेतो’ क्रमशः छापून येत होती. त्यातल्या यमूसाठी नवरा जाणं म्हणजे उरलंसुरलं सगळं जाणं, केसदेखील. तिथून आलेल्या माणसाला ‘नवरा गेला आणि ती मोकळी झाली’ हे वाक्य पचतच नाही. शोपॅनच्या जगात गणित वेगळं होतं. ती ज्या लुईझियाना राज्यात संसार करत होती तिथे फ्रेंच वळणाचा कायदा होता आणि नवऱ्याच्या संमतीवाचून बायकोनं केलेल्या कराराला तो मान देत नसे. विधवेची सही मात्र चालायची. नवरा ऑस्कर १८८२ साली कर्ज मागे ठेवून तापानं गेला. पदरी सहा मुलं. त्यानंतर वर्षभराहून जास्त तिनं क्लूटियरव्हिल या गावात त्याचं दुकान आणि शेती स्वतः चालवली, मग १८८४ मध्ये सेंट लुईसला आईकडे परतली. तिचे वडील ती पाच वर्षांची असताना, १८५५ साली, गॅस्कोनेड नदीवरचा रेल्वेपूल कोसळला त्या अपघातात गेले होते. त्यानंतर ती वाढली ती आई, आजी आणि पणजी अशा विधवांच्या घरात. त्या घरातल्या बायका दुःखी होत्या आणि स्वतःच्या मुखत्यारही होत्या, दोन्ही एकाच वेळी. असं घर पाहिलेल्या लेखिकेलाच ‘दुःख खरं आणि आनंदही खरा’ हे एका तासात बसवता आलं, असं मला वाटतं. पण एक जपून: ऑस्कर म्हणजेच ब्रेंटली असं पेपरात लिहू नकोस. चरित्रकारांच्या लिखाणातला ऑस्कर तिला बरीच मोकळीक देणारा नवरा दिसतो.

आता जिना आणि किल्ली. लुईज अखेर दार उघडते, स्वतःच्या हातानं. नजरेत विजयाची झिंग आहे, चाल विजयदेवतेसारखी आहे, आणि तिला ते माहीत नाही. बहिणीच्या कमरेला हात घालून ती खाली उतरते. वर खिडकी, आभाळ, पालवी. खाली रिचर्ड्स वाट बघत उभा. त्याच वेळी कोणीतरी किल्ली लावून पुढचं दार उघडतंय. दाराची गोष्ट कशी बांधलीय बघ. वरचं दार तिनं आतून लावलेलं, बाहेरून बहीण किल्लीच्या भोकाशी तोंड नेऊन विनवतेय. खालच्या दाराची किल्ली नवऱ्याच्या खिशात. तो विनवत नाही, हाक मारत नाही. त्याचंच घर आहे, तो आत येतो. प्रवासानं जरा मळलेला, हातात पिशवी आणि छत्री, अगदी शांत. अपघात झाला हेही त्याला ठाऊक नाही. छत्री मला नेहमी टोचते. वर तिनं ज्या पावसाचा वास छातीभर घेतला, त्या पावसापासून जपणारी वस्तू त्याच्या हातात आहे. लेखिकेनं हे मुद्दाम केलं का, ते महत्त्वाचं नाही. दोन्ही गोष्टी कथेत आहेत आणि एकमेकींकडे बघताहेत.

इथे वेगही बघ. खोलीतल्या बसण्याला कथेचा मोठा भाग दिलाय, वाक्यं लांब, एकात एक गुंतलेली. ब्रेंटली आल्यावर मोजक्या ओळी. जोसेफिनची किंकाळी, रिचर्ड्सची चपळाई. तो ब्रेंटलीला तिच्या नजरेआड करू बघतो, म्हणजे पुन्हा तेच: काळजी. सुरुवातीला बातमी जपून सांगायची होती, आता नवराच जपून लपवायचा. तिचं मरण तर आपल्याला दाखवलेलंही नाही. ज्या बाईच्या मनाचा प्रत्येक ठोका आपण ऐकला, तिच्या शेवटच्या क्षणी लेखिका आपल्याला बाहेर काढते आणि दार डॉक्टरांच्या हाती देते.

शेवटचं वाक्य: डॉक्टर आले तेव्हा म्हणाले, ती हृदयविकारानं गेली, जीव घेणाऱ्या आनंदानं. उपरोध कशात आहे हे तुला गाईडनं सांगितलंय: डॉक्टरांना वाटतं नवरा जिवंत बघून आनंद झाला, आपल्याला ठाऊक आहे की स्वातंत्र्य हिरावलं गेलं. नाट्यगत उपरोध, कारण पात्रांना ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे. बरोबर. आता तो नाडीचा पुरावा काढ. नवरा मेल्याची बातमी ऐकून न थांबलेलं हृदय तो जिवंत दिसल्यावर थांबलं. डॉक्टरांच्या निदानाला कथेनं आधीच उत्तर देऊन ठेवलंय.

पण मी आणखी एक पाऊल पुढे जाते, आणि हे माझं वाचन आहे, तुला पटलं तरच घे. डॉक्टर एका अर्थी बरोबर बोलले. वर खोलीत तिला जे झालं, त्याला कथा ‘आनंद’च म्हणते, तो भयंकर आनंद आहे की काय, हे विचारायलाही ती थांबत नाही. तो आनंद झाला नसता तर ब्रेंटलीच्या येण्यानं ती मेली नसती. कालपर्यंत ती जगतच होती की त्याच्याबरोबर! कालच तिला शहारा आला होता, की आयुष्य लांबलचक असेल. आज तिनं मनापासून मागितलं की ते लांब असावं. ज्यानं मोकळेपणाचा एक तास चाखला, त्यालाच बंद दार पेलत नाही. आनंदानंच जीव घेतला, फक्त तो खालच्या मजल्यावरचा नव्हता, वरचा होता. म्हणून शेवट नुसता धक्का नाही. धक्का एकदाच बसतो. ही कथा शेवट माहीत असताना चौथ्यांदा वाचली तरी पहिल्या वाक्यापासून अंगावर येते. करून बघ.

पेपरापुरतं सांगायचं तर उपकरणांची यादी करू नकोस. एक वाक्य निवड, शक्यतो पहिलं, आणि त्या ‘काळजी’चा माग शेवटपर्यंत काढ: बहिणीचं अर्धं सांगणं, रिचर्ड्सची घाई, दयेच्या हेतूचा गुन्हा, किल्लीचं भोक, रिचर्ड्सचं शेवटी आडवं येणं, डॉक्टर. पूर्वसूचन, प्रतीक, उपरोध वाटेत आपोआप भेटतील आणि जागेवर भेटतील.

अनुवादात शेवटी काय केलं हेही विचारशील. ‘जीवघेणा आनंद’ मी आधी लिहिलं होतं. आपण जीवघेणी थंडी म्हणतो, जीवघेणी गर्दी म्हणतो. वापरून वापरून त्यातला जीव गेलाय. म्हणून ‘जीव घेणाऱ्या आनंदानं’ असं फोडून ठेवलं, म्हणजे ‘घेणाऱ्या’वर कान अडतो. आणि आजाराचं नाव. मुळात पहिल्या वाक्यात एक शब्द आहे आणि शेवटच्या वाक्यात दुसरा: आधी घरगुती, मग डॉक्टरी. पहिल्या खेपेला मी दोन्हीकडे ‘हृदयविकार’ लिहून मोकळी झाले होते. आता सुरुवातीला ‘हृदयाचं दुखणं’ आहे, आपल्या भाषेतलं, आजारालाही चालणारं आणि दुखावण्यालाही. शेवटी डॉक्टर येतात तेव्हा ‘हृदयविकार’.